चावी कोणाकडे असते?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की गावातल्या कलेचा विचार एकेका पंचायतीने सुटासुटा करू नये, आजूबाजूच्या चार-पाच पंचायतींनी, जमलं तर अख्ख्या तालुक्याने मिळून करावा, कारण आपल्याकडे पेटीवाला एका गावचा, तबलजी दुसऱ्या गावचा आणि नाटकातली हिरॉइन तिसऱ्याच गावची असते. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी शिव्यापण घातल्यात, त्या मी ठेवून घेतल्या. नावं कोणाचीच छापत नाही, गोवा एवढासा, कोण कोणाचा मावसभाऊ निघेल सांगता येत नाही.

प्रश्न: मी सत्तरी तालुक्यातल्या एका पंचायतीची पंच आहे, पहिलीच टर्म. आमच्या चार पंचायतींनी मिळून कला-संस्कृतीचा पाच वर्षांचा आराखडा करायचं ठरवलंय. एका ओळखीच्या माणसाने चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन करून दिलं. त्यात व्हिजन आहे, मिशन आहे, तीन महोत्सव आहेत. सरपंच खूश आहेत. मला मात्र त्यात आमचा गाव कुठेच दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

बाय, तुम्हाला दिसत नाही कारण तो त्यात नाहीच आहे. त्या चाळीस स्लाइडमध्ये सत्तरीच्या जागी रत्नागिरी घातलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही, पैज लावा.

स्लाइड बाजूला ठेवा. शंभर पानी वही घ्या आणि महिनाभर वाड्यावाड्यावर फिरा, शक्यतो संध्याकाळी सातनंतर. आणि कृपा करून "तुमच्याकडे कुठल्या कुठल्या कला आहेत" असं विचारू नका. असं विचारलं की लोक शाळेतल्या निबंधासारखं उत्तर देतात, फुगडी, धालो, शिगमो, भजन, झालं. त्यापेक्षा विचारा की गेल्या आठवड्यात तुम्ही कुठे जमला होता, किती वाजता, किती जण होता, आणि तिथली चावी कोणाकडे असते.

चावीचं का म्हणतो ते सांगतो. आमच्या गावात एक हॉल बांधला, स्टेज आहे, पंखे आहेत, बाहेर ग्रॅनाइटची पाटी आहे. गावातल्या फुगडीवाल्या बायका जेवणंखाणं आटपून, भांडी घासून रात्री साडेनऊला जमायच्या, आणि हॉलची चावी ज्याच्याकडे तो पाचला घरी जायचा. मग त्या अकरा जणी एकीच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, सराव करायच्या, तोही आधी तिच्या मुलाची मोटरसायकल बाहेर काढून, पाऊस असला तर तिच्यावर प्लास्टिक घालून. फेर धरताना दर वेळी कोणीतरी खांबाला आपटायची. दोन वर्षं असं चाललं. शेवटी कोणीतरी डुप्लिकेट चावी करून हॉलच्या शेजारच्या घरातल्या काकींकडे ठेवली. चाळीस रुपये खर्च. त्या वर्षी अकराच्या एकोणीस झाल्या, त्यात सहा कॉलेजच्या मुली. तुमच्या आराखड्याचं पहिलं पान हे असावं असं माझं मत, चार पंचायतींत मिळून बंद असणाऱ्या खोल्या किती आणि त्यांच्या चाव्या कोणाकडे.

सेक्रेटरी म्हणेल की हे पंचायतीचं काम नव्हे, गटार आणि रस्ते बघा. तेव्हा त्याला राज्यघटनेची अकरावी अनुसूची दाखवा. ७३व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषय दिलेत, त्यात विसावा वाचनालयं आणि एकविसावा सांस्कृतिक कार्यक्रम. पालिकांसाठी बारावी अनुसूची आहे, त्यातही तेराव्या नंबरला सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबी आहेत. राज्याचं स्वतःचं सांस्कृतिक धोरण २००७ पासून आहे, कला आणि संस्कृती संचालनालयाच्या योजना आहेत, आणि गोवा उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात येतो, तिथून पथकं बाहेरच्या राज्यांत जातात. पण हे सगळं वाचलंत की एक गोष्ट लक्षात येईल, पैसे बहुतेक वेळा कार्यक्रमाला मिळतात, वाद्याला मिळतात, कलाकाराच्या सन्मानाला मिळतात, पण मंगळवारी रात्री जळलेल्या चार ट्यूबच्या बिलाला मिळत नाहीत. म्हणून तालुक्याच्या आराखड्याने नेमकं तेच भरावं जे दुसरं कोणी भरत नाही. लाइट बिल, पेटीचं ट्यूनिंग, रात्री मुलींना घरी सोडणाऱ्या रिक्षाचं भाडं. तिसऱ्या महोत्सवाला द्यायला पैसे नसले तर नसू देत.

आणि एक, आराखड्यात सगळंच घालू नका. मी तरुण असताना टेपरेकॉर्डर घेऊन एका मावशीकडे धालोची गाणी टेप करायला गेलो होतो, वैशाखात, भर दुपारी. तिने मला सोलकढी दिली, घरची चौकशी केली आणि गाणं म्हणायला चक्क नकार दिला. धालो पौषातल्या चांदण्यात, मांडावर, म्हणजे वाड्याच्या त्यासाठी राखलेल्या पवित्र जागेवर, बायकांनी बायकांत गायचे, मांड जागवलेला नसताना ती गाणी तोंडातून काढायची नाहीत. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं तिलाच सांस्कृतिक धोरण जास्त कळत होतं. तेव्हा वहीत एक पान असंही ठेवा ज्यावर लिहा की हे आमच्याकडे आहे पण ते स्टेजवर आणायचं नाही, त्याला फक्त त्याची जागा सांभाळून द्यायची, म्हणजे मांडावरून रस्ता जाऊ द्यायचा नाही, मांडाच्या डोक्यावर हायमास्ट लावायचा नाही. तुमच्या सत्तरीतल्या रणमाले या लोकनाट्याबद्दल पण गावच्या जाणत्यांनाच विचारा, काय दाखवायचं आणि काय नाही ते तेच सांगतील.

प्रश्न: आम्ही पेडण्याचे हौशी नाटकवाले. जत्रेला दरवर्षी मराठी नाटक, माझ्या आजोबांच्या काळापासून. आता तालमीला जागा नाही, हॉल म्हटलं तर लग्नांना बुक, आणि प्रयोगाच्या रात्री दहा वाजले की पोलीस दारात. तुमच्या त्या तालुका आराखड्यात आमच्यासाठी काय?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी दहाचं बघू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांना वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट राज्य सरकार देऊ शकतं. आता गोव्यात जत्रा किती, काले किती, चर्चची फेस्तं किती, पंधरा दिवसांत काय मावणार. पण त्याच नियमांत बंदिस्त सभागृहाला आणि कम्युनिटी हॉलला वेगळं धरलंय, आतल्या आत आवाज ठेवला तर दहानंतरही चालतं. म्हणजे मांडवाऐवजी चार भिंती असलेली जागा मिळाली तर निम्मा प्रश्न सुटतो. दुसरं म्हणजे तारखा. तालुक्यातल्या सगळ्या देवस्थानांच्या जत्रांची, फेस्तांची, नाटकांची एकच यादी जूनमध्ये तयार झाली तर सवलतीची मागणी एकत्र आणि वेळेवर करता येते. आज काय होतं, प्रत्येक देवस्थान समिती आठ दिवस आधी जागी होते आणि आपापल्या आमदाराकडे पळते.

आणि खरं सांगू, सातला सुरू करा ना राव. पूर्वी पालखी झाली की अकराला पडदा वर जायचा आणि पहाटे कोंबडा आरवताना भरतवाक्य, मलाही ते आवडायचं, तिसऱ्या अंकाला निम्मे प्रेक्षक गोणपाटावर झोपलेले असायचे तो भाग सोडून. आता दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ड्युटी असते.

जागेचं. पणजीत चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेली कला अकादमी आहे, मडगाव, कुडचडे, साखळीत रवींद्र भवनं आहेत, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे. प्रयोगाला ठीक, पण पेडण्याहून पणजीला तालमीला कोण जाणार, आणि मोठ्या वास्तूत तालमीला लागते तशी छोटी, जुनीपानी, चहा सांडला तरी चालेल अशी खोली मिळतच नाही. ती तुमच्या गावातच आहे, फक्त तिच्यात लग्न चाललंय. पण पंचांग उघडा. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, चातुर्मास, आपल्याकडे हिंदूंची लग्नं जवळजवळ होतच नाहीत, ख्रिश्चनांची तेव्हा होतात हे खरं, पण पेडण्यात त्यांची संख्या हॉल भरून टाकण्याएवढी नाही. म्हणजे चार महिने हॉल बराचसा रिकामा. आणि जत्रांची नाटकं कधी, दिवाळीनंतर. आयतं जमलंय की. पंचायतीकडून एवढाच ठराव घ्या की चातुर्मासात सोमवार ते गुरुवार हॉल तालमींसाठी, फुकट, फक्त लाइटचं मीटर रीडिंग लिहून ठेवायचं. उत्पन्न बुडतं म्हणून कोणी ओरडलं तर गेल्या तीन वर्षांचं बुकिंग रजिस्टर काढून दाखवा, ऑगस्टचं पान कोरं असेल.

जाता जाता, लेखकाच्या परवानगीचं पण पत्रात विचारलंय. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला सूट आहे. तरी लेखकाला एक पत्र आणि एक नारळ पाठवावा, सूट कायद्याने दिलीय म्हणून रीत सोडायची असं नाही.

प्रश्न: डिचोली तालुक्यातून लिहितोय. आमचं घुमट (तोंडाला कातडं चढवलेलं मडक्याचं वाद्य) आरतीचं पथक आहे. पूर्वी चवथीला घराघरात वाजवायचो, आता सगळी मेहनत स्पर्धांसाठी. मुलं येतात पण स्पर्धा संपली की गायब. तालुक्याने आणखी स्पर्धा घ्याव्यात असं आमच्यातले काही म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

नको. आहेत त्या पुरे.

स्पर्धा वाईट असं नाही म्हणत मी, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेने आणि भजन स्पर्धेने गावोगावची मंडळं जिवंत ठेवलीत, ते मान्य. पण परीक्षक तेच, वेळेची मर्यादा तीच, त्यामुळे गेल्या वर्षी जे जिंकलं त्याची कॉपी यंदा दहा पथकं करतात. पूर्वी डोळे मिटून ऐकलं तरी हे अमक्या गावचं पथक म्हणून ओळखू यायचं, शामेळ या साथीच्या वाद्याच्या पहिल्या चार थापांत. आता सगळ्यांचा वेग एकच, फास्ट, आणि शेवटी सगळे उठून उभे राहतात.

घुमटाचा आराखडा करायचा तर तो मडक्यापासून करा. २०१९ मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, फार चांगलं झालं, पण त्याची खरी गोष्ट आधीची आहे. घुमटाला घोरपडीचं कातडं लागायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित झाली आणि घुमट एकदम चोरून वाजवायची वस्तू झाली. मग बकऱ्याचं कातडं आलं. जुने लोक अजून म्हणतात तो आवाज नाही, असेल बाबा, पण घोरपडीलाही जगायचंय. आता आपला प्रश्न असा की मडकं घडवणारा कुंभार तुमच्या तालुक्यात किती, त्याला माती कुठून मिळते, त्याचा मुलगा चाकावर बसतो का फॅक्टरीत जातो, आणि कातडं चढवायला कोणाला येतं. भाद्रपदात हवा दमट, कातडं ढिलं पडतं, ते शेकून परत ताठ करणं ही सुद्धा कलाच आहे आणि ती येणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी. या माणसाला शिकवायचे पैसे द्या, महिन्याला, वर्षभर. शाळेतल्या संगीत शिक्षकाला आठवड्यातून एकदा त्याच्या पडवीत मुलं घेऊन बसू द्या.

बक्षिसाचं म्हणाल तर पहिल्या नंबरची भली मोठी रक्कम मोडा आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक पथकाला दोन नवी घुमटं द्या. कुंभारालाही ऑर्डर मिळते. मुलं गायब होतात कारण वाद्य मंडळाच्या कपाटात असतं, आणि कपाटाची चावी, जाऊ दे, परत तेच.

प्रश्न: मी सासष्टीतली, मराठी शाळेत शिकवते, घरी कोंकणी. तुमचा लेख वाचला आणि राग आला. सगळं नाटक, भजन, आरती. तियात्र (आमचं कोंकणी नाटक), मांडो (आमची गाणी), बँड हे काय दुसऱ्या देशात होतं का?

बाई, चूक झाली. कबूल. मी ज्या अंगणात वाढलो तेवढंच लिहिलं.

आणि लाज अशी की तियात्राकडून आम्हा मराठी नाटकवाल्यांनी शिकायला हवं. पहिला तियात्र मुंबईत १७ एप्रिल १८९२ ला झाला, तेव्हापासून आजपर्यंत ते लोक तिकीट लावून, गावोगाव फिरून, प्रेक्षकांच्या पैशावर जगतात. आमची हौशी रंगभूमी देवस्थानाच्या वर्गणीवर आणि स्पर्धेच्या बक्षिसावर. कुठल्या गावात किती माणूस येतो, कुठल्या हॉलची साउंड सिस्टम बेकार, कुठल्या महिन्यात खेळ लावू नये, हे एखाद्या तियात्र कंत्राटदाराला जेवढं पाठ असतं तेवढं कुठल्याच सल्लागाराला नसतं. तालुक्याच्या समितीवर त्याला घ्या, प्राध्यापक दोन कमी घेतले तरी चालतील.

तसंच चर्चमधले संगीताचे मेस्त, म्हणजे मास्तर. त्यांच्या हाताखाली नोटेशन शिकलेली गोव्याची पोरं मुंबईला गेली आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. तिकडे आमच्या देवळांच्या आवारातून काय झालं, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ, सगळे गोव्याबाहेरच मोठे झाले. केसरबाईंचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, आणि मोगूबाईंचा गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतो. मला यातून आराखड्यासाठी प्रश्न एकच सुचतो, आज तुमच्या तालुक्यात पंधरा-सोळा वर्षांची कोण आहे जी दोन वर्षांत बॅग भरून जाणार आहे, आणि ती इथे राहायला तिला काय लागेल. गुरू लागेल का, खोली लागेल, की नुसता रात्रीचा शेवटचा बस टाइम. देवळातली असो की इगर्जीतली, उत्तर सारखंच येईल असा माझा अंदाज.

भाषेचं. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण कोंकणी-मराठीचा आणि लिपीचा जो वाद घालतोय तो समितीच्या दाराबाहेर चपलांबरोबर ठेवावा. मीटिंगची नोटीस देवनागरीत काढाच पण रोमीत, म्हणजे रोमन लिपीतही काढा, नाहीतर अर्धी सासष्टी ती वाचणारच नाही आणि मग आपण म्हणणार की हे लोक येतच नाहीत. शिवोलीच्या जागर या रात्रीच्या लोकनाट्याला हिंदू आणि ख्रिश्चन एकत्र असतात, तिथे कुठल्या लिपीत जागायचं असं कोणी विचारत नाही.

प्रश्न: आमच्या वाड्यावर भाड्याने राहणारी कर्नाटकातली बरीच कुटुंबं आहेत. त्यांची मुलं शिगम्यात ढोल वाजवायला येतात. काही जण म्हणतात ही गोव्याची संस्कृती, बाहेरच्यांना कशाला. (कुडचडे)

मुलगा ढोल बरा वाजवतो का? मग द्या त्याला ढोल. तुमचीच मुलं मोबाइल घेऊन बसलीत म्हणून ढोल रिकामा होता ना. आराखड्यात त्याचा शब्द न् शब्द लिहायची गरज नाही, फक्त "गावातले रहिवासी" असं लिहा, "मूळ रहिवासी" असं लिहू नका.

प्रश्न: आराखडा यशस्वी झाला हे मोजायचं कसं? वरून आकडे मागतात. (एक पंचायत सचिव)

गर्दी मोजू नका, ऑर्केस्ट्रा आणला की गर्दी होते, शिवाय मोफत भजी ठेवली तर दुप्पट. तीन आकडे ठेवा. हॉलचे दिवे वर्षात किती रात्री लागले, ते मीटरवरून कळेल. वीस वर्षांखालची किती मुलं आठवड्यातून एकदा तरी काहीतरी शिकतायत, वाद्य, नाच, मातीकाम, काहीही. आणि तालुक्यात पेटी दुरुस्त करणारा माणूस आहे का, असला तर किती वर्षांचा. तिसरा आकडा सत्तरच्या वर असेल तर तो लाल शाईने लिहा. वरच्या साहेबांना कळणार नाही, पण तुम्हाला कळेल.

प्रश्न: आमच्या चार पंचायतींच्या आराखड्याला चांगलंसं नाव सुचवा. "सृजनगंगा", "कलास्पंदन" अशी नावं आलीत. (परत सत्तरीच्याच पंच)

चार गावांची नावं आणि साल लिहा. फायलीवर जागा उरली तर खाली चाव्या कोणाकडे आहेत त्या काकींचे फोन नंबर.